शाश्वत नगरनियोजनात मास्टर्स करायचे आहे: स्टॉकहोमला जावे की अहमदाबाद-भोपाळ बघावे?

बडोद्यात बी.आर्क.चे शेवटचे वर्ष चालू आहे, स्टॉकहोमच्या केटीएच या तांत्रिक विद्यापीठातला शाश्वत नगरनियोजनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मनात आहे, घरचे मात्र अहमदाबाद किंवा भोपाळ सुचवत आहेत, आणि त्याआधी नोकरी करावी का हेही ठरत नाही, असे तुम्ही विचारले आहे. मी अहमदाबादेत एम.प्लॅन. (नगरनियोजनातील मास्टर्स) केले आणि गेली काही वर्षे बडोद्यात एका सल्लागार कार्यालयात टीपी (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना) योजनांचे काम करते. त्यामुळे माझे मत त्या बाजूला थोडे झुकलेले असणार, हे धरूनच पुढचे वाचावे.

माझ्या मते विद्यापीठाचे नाव नंतर ठरवावे. आधी काम कोणत्या शहरांत करायचे ते ठरवावे. शहर शाश्वत होते की नाही, हे मोठ्या प्रमाणात जमीन कोणाच्या मालकीची आहे आणि सार्वजनिक कामासाठी ती कशी मिळते यावर अवलंबून असते. स्टॉकहोममधील हम्मारबी श्योस्ताद या वसाहतीचे उदाहरण तुम्ही वाचले असेलच. बंदराची आणि कारखान्यांची जुनी जागा 2004 च्या ऑलिंपिकच्या प्रयत्नाच्या निमित्ताने विकसनासाठी घेतली गेली, स्पर्धा अथेन्सला गेल्या, पण योजना पुढे चालू राहिली. तिथे कचरा जमिनीखालच्या नळ्यांतून हवेच्या दाबाने ओढला जातो, सांडपाण्यापासून बायोगॅस तयार होतो आणि शुद्ध केलेल्या सांडपाण्यातली उष्णता घरे गरम ठेवण्यासाठी वापरली जाते. हे सगळे चित्रांत सुंदर दिसते, परंतु बांधकाम करणाऱ्यांवर अशा अटी घालणे शहराला सोपे गेले ते तिथली बरीचशी जमीन शहराच्याच हाती असल्यामुळे. स्टॉकहोमने शहराबाहेरच्या जमिनी विकत घ्यायला 1904 सालीच सुरुवात केली होती.

आपल्याकडे शहराच्या कडेची जमीन शेतकऱ्यांची असते आणि महापालिकेकडे ती विकत घेण्याइतका पैसा नसतो. म्हणून गुजरातेत 1976 च्या कायद्याखाली टीपी पडते. सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करून रस्ते आखले जातात आणि प्रत्येकाला लहान पण नीट आकाराचा भूखंड परत मिळतो. योजनेतल्या एकूण जमिनीपैकी रस्त्यांसाठी 15 टक्के, बागा व मोकळ्या जागांसाठी 5, शाळा-दवाखान्यांसारख्या सुविधांसाठी 5 आणि विक्रीसाठी 15 टक्क्यांपर्यंत जमीन घेण्याची तरतूद कायद्यात आहे. दुर्बल घटकांच्या घरांसाठी 10 टक्क्यांपर्यंतची तरतूद वेगळी. या सगळ्याचा हिशोब फॉर्म एफ या तक्त्यात असतो. त्यातली एक ओळ सावकाश वाचून पाहा: मालकाचे नाव, सर्व्हे नंबर, मूळ भूखंडाचे क्षेत्रफळ आणि मूल्य, अंतिम भूखंडाचे क्षेत्रफळ, त्याचे अविकसित आणि विकसित मूल्य, भरपाई, आणि मूल्यवाढीतून मालकाने द्यायचे अंशदान. एखाद्या कुटुंबाच्या दोन पिढ्यांचे भांडण त्या एका ओळीत मावलेले असते.

आता याचा शाश्वततेशी काय संबंध, असे वाटेल. बडोद्याची विश्वामित्री नदी पावागडाकडून येते, आजवा तलावाचे जादा पाणीही तिलाच मिळते, आणि शहरात तिच्या दोन्ही अंगांना कोतरे, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, आहेत. पावसाचे पाणी मुख्य पात्रापर्यंत नेणे आणि पूर आला की काही काळ साठवून ठेवणे, हे काम ही कोतरे करतात. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी घरांत शिरले आणि पाठोपाठ मगरी रस्त्यांवर आल्या, ते तुम्ही पाहिलेच असेल. कागदावर मात्र कोतर हाही कुणाचा तरी सर्व्हे नंबर असतो. मोकळ्या जागेचे ते 5 टक्के उरल्यासुरल्या वेड्यावाकड्या तुकड्यांत टाकायचे, की कोतराच्या काठाने सलग पट्ट्यात धरून त्या मालकाला वर, कोरड्या जमिनीवर भूखंड द्यायचा, हा निर्णय टीपीचा मसुदा करतानाच होतो. तो एकदा चुकला की नंतर कितीही झाडे लावली तरी पाणी घरांतच येते. बडोद्यात शाश्वत नगरनियोजन म्हणजे मला तरी आधी हे वाटते, आणि हे शिकायचे असेल तर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाला किंवा भोपाळच्या एसपीएला (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जाणे अधिक उपयोगाचे आहे.

केटीएचला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. ऊर्जा, हवामानबदल, पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन या दिशेने जायचे असेल किंवा परदेशी सल्लागार संस्थांत काम करायचे असेल, तर तिकडेच जावे. फक्त युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे शुल्क भरावे लागते, केटीएचची शिष्यवृत्ती मिळाली तरी ती शुल्कापुरतीच असते, आणि शरद सत्रासाठीचा अर्ज जानेवारीच्या मध्यापर्यंत करावा लागतो, हे घरी आधीच सांगून ठेवावे. भोपाळसाठी गेट या प्रवेश परीक्षेतला आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर द्यावा. एम.प्लॅन.ला सिव्हिलचे, भूगोलाचे, अर्थशास्त्राचे पदवीधरही येतात आणि आपल्यासारख्या आर्किटेक्टांना त्याचा फायदा होतो. आपण रात्रभर जागून रंगवलेल्या आराखड्यासमोर उभे राहून त्यांच्यापैकी कोणी शांतपणे विचारतो की या घराचा हप्ता कोणाला परवडणार आहे.

प्रवेशासाठीचे निवेदन लिहिण्यापूर्वी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी बडोद्याविषयी 1916 साली लिहिलेला अहवाल मिळवून वाचावा. आपल्या शहराविषयीचा इतका जुना दस्तऐवज हाताशी असताना निवेदनात कोपनहेगनच्या सायकलींनी सुरुवात करणारे अर्जदार पाहिले की मला आश्चर्य वाटते.

नोकरीचे म्हणाल, तर वर्षभर जरूर करावी, पण ती इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कार्यालयात नसावी. टीपीचे काम असलेले कार्यालय शोधा, मोजणीला सोबत न्या म्हणून मागे लागा आणि फॉर्म एफ भरायला मागून घ्या. पगार कमी मिळेल. पुढे गुजरात लोकसेवा आयोगाच्या नगररचनाकार पदांसाठी अर्ज करायचा विचार असेल, तर नियोजनाची पदवी उपयोगी पडते, म्हणून एक वर्षाची तीन वर्षे होऊ देऊ नका.