विडंबनचित्र की उपहासचित्र?

प्रश्न असा: अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गॉथिक बॅलडची, म्हणजे भुताखेतांच्या भयकथा सांगणाऱ्या गीतांची, खिल्ली उडवणारी छापील चित्रे निघत, त्यांना 'विडंबनचित्रे' म्हणावे का? आणि 'बॅलड'ला 'पोवाडा' चालेल का?

पोवाडा नको. पोवाडा म्हटले की डफ, तुणतुणे आणि वीरश्री आलीच. जर्मन कवी ब्युर्गरच्या 'लेनोरे' या बॅलडमध्ये मेलेला प्रियकर मध्यरात्री घोड्यावरून येतो आणि प्रेयसीला थेट थडग्याकडे नेतो. १७९६ या एकाच वर्षात या रचनेची अनेक इंग्रजी भाषांतरे झाली, त्यात वॉल्टर स्कॉटचेही होते. अशा रचनेला 'कथागीत' हा शब्द चपखल बसतो.

'विडंबन' मात्र जपून वापरावा. विडंबनात मुळाची ओळखू येणारी नक्कल हवीच. केशवकुमारांची (आचार्य अत्र्यांची) विडंबने रंगतात ती मूळ कवितेची चाल कानात असते म्हणून. इंग्रज लेखक मॅथ्यू लुइसने आपल्याच 'अलोन्झो द ब्रेव्ह' या कथागीताचे असे विडंबन केले: छंद तोच, पण शूर योद्ध्याच्या जागी डॉक्टर आणि सुंदरीच्या जागी शिवणकाम करणारी पोरगी. मूळ कविता माहीत असेल तर पहिल्याच ओळीला हसू फुटते.

आता इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेची दोन चित्रे पाहा. १७९१च्या 'वीअर्ड सिस्टर्स'मध्ये त्याने चित्रकार फ्युसेलीच्या तीन चेटकिणींची मांडणी जशीच्या तशी उचलली आहे. एका रांगेत, एका बाजूने दिसणारे तीन चेहरे, ओठांवर बोटे; पण चेहरे पंतप्रधान पिट आणि त्यांचे मंत्री डंडस व थर्लो यांचे. समोरच्या चंद्रकोरीत राणीचा चेहरा उजळलेला, राजा काळोखात झोपलेला. हे अस्सल विडंबनचित्र. मूळ चित्र कथागीतावरचे नसून 'मॅकबेथ'मधले आहे, पण फरक इथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

१८०२चे 'टेल्स ऑफ वंडर' वेगळे. एकाच मेणबत्तीच्या उजेडात गोल टेबलाभोवती बसून बायका वाचन ऐकताहेत, भीतीने डोळे विस्फारलेले. चित्र लुइसलाच अर्पण केले आहे. यात नक्कल कशाचीच नाही. थट्टा आहे ती वाचणारांच्या हौसेची. म्हणून याला मी 'उपहासचित्र' म्हणेन. दोन्ही प्रकारांबद्दल एकत्र लिहायचे असेल तर आपला 'व्यंगचित्र' पुरेसा आहे.

'विटंबना' मात्र इथे अजिबात नको. तिच्यात अप्रतिष्ठा आणि हालअपेष्टा आहेत, नकलेची गंमत नाही.