पायथनमधून ईबीपीएफ: नवख्यांसाठी थोडं

ईबीपीएफ म्हणजे लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय. पायथनमध्ये लिहिताय म्हणून कर्नलमध्ये पायथन चालतं असं समजू नका. बीसीसी या ईबीपीएफच्या साधनसंचात स्ट्रिंगमध्ये दिलेला सी भाषेचा तुकडाच बाइटकोड होऊन आत जातो. तो चढवणं आणि आलेला डेटा वाचणं, एवढंच पायथनचं काम.

दारात व्हेरिफायर, म्हणजे प्रोग्राम सुरक्षित आहे का ते तपासणारा कर्नलचा पहारेकरी, बसलेला असतो आणि सुरुवातीला तो छळणारच. त्याचा लॉग शेवटून वाचा. नकाराचं कारण बहुधा तळाशीच सापडतं. अनेकदा मॅपमध्ये (कर्नल आणि पायथन दोघांना वाचता येणारा की-व्हॅल्यू साठा) शोध घेतल्यावर हाती आलेला पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, तर नाही ना ही तपासणी राहिलेली असते. ती ‘की’ (key) मॅपमध्ये आहेच हे तुम्हाला ठाऊक असेल, व्हेरिफायरला नाही! शिवाय स्टॅक जेमतेम ५१२ बाइटचा. फाइलचा अख्खा पाथ त्यात कोंबू नका, पर-सीपीयू ॲरेत (प्रत्येक सीपीयूला वेगळी जागा देणारा मॅप) ठेवा.

ट्रेस-प्रिंटके (कर्नलमधून मजकूर छापण्याची सोय) फक्त चाचपणीपुरतं, कारण त्याचा पाइप सगळ्यांना सामायिक. घटना पायथनकडे पाठवायला रिंग बफर (कर्नल आणि पायथनमधली सामायिक रांग) बरा, पण कर्नल ५.८ किंवा पुढचा हवा. नुसती मोजदाद हवी असेल तर तोही नको: मॅपमध्येच बेरीज करा, पायथनने अधूनमधून वाचावी.

प्रोग्राम जोडताना शक्य तिथे केप्रोबऐवजी (कर्नलच्या फंक्शनला नावाने लावलेला हूक) ट्रेसपॉइंट (कर्नलमध्ये आधीच ठेवलेली ठरावीक जागा) घ्या. कर्नलमधल्या फंक्शनची नावं आवृत्तीगणिक बदलू शकतात. आणि पहिले प्रयोग व्हर्च्युअल मशीनवरच करा, कारण बहुधा रूट (सर्वाधिकार) लागतो.