बाबांवर ओरडले, म्हणजे माझी माया आटली का?

घरी राहून वृद्धांची सेवा करणाऱ्या बायका समुपदेशनाला येतात तेव्हा आधी पगाराचं, पाठदुखीचं, पोरांच्या शाळेचं बोलणं होतं. खरा प्रश्न निघतो तो उठता उठता: “मी पेशंटवर ओरडले. माझं मन मेलंय का?” नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका ताईंचाही हाच प्रश्न होता. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.

घरी सेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत कॉलेज रोडवरच्या एका घरी त्यांची 24 तासांची ड्युटी. बाबा ऐंशीच्या घरातले, उजव्या अंगावरून वारं गेलेलं, त्यात स्मृतिभ्रंश. एका पहाटे डायपर बदलताना बाबांनी डाव्या हाताने त्यांना ओरबाडलं. ताईंनी तो हात घट्ट दाबून धरला आणि ओरडल्या. बाबा रडायला लागले. तेव्हापासून त्यांना स्वतःचीच भीती वाटू लागली होती.

“एवढं चालायचंच” असं आम्ही म्हटलं नाही. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, घट्ट धरलं की रक्त साकळतं. म्हणून आधी बाबांचा हात नीट पाहायला आणि घडलं ते बाबांच्या मुलाला त्याच दिवशी सांगायला सांगितलं. त्या घाबरल्या. पण लपवलेली गोष्ट रोज रात्री उशाशी येते, आणि पुढे कुठे काळा डाग दिसला तर संशयही लपवणाऱ्यावरच जातो.

मग मायेचा विषय बाजूला ठेवून झोपेचा हिशोब विचारला. बाबा रात्री किती वेळा उठवतात? “सारखेच.” एवढ्यावर काही करता येत नाही. म्हणून आठवडाभर दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर तीनच गोष्टी लिहायच्या ठरल्या: कितीला उठले, कशासाठी उठले, परत कितीला झोपले. पानं आली तेव्हा दिसलं की ताईंना सलग दीड-दोन तासांपलीकडे झोप मिळतच नव्हती. इतकी तुटक झोप महिनोन् महिने चालली की कोणाचाही संयम सुटतो. माया शाबूत असते, पण शरीर थांबायला सांगत असतं. या कामात चिडचिड वाढली की आम्ही आधी कामाचे तास बघतो, स्वभाव नंतर.

त्याच पानांवरून आणखी एक गोष्ट कळली. बाबा उठायचे ते बहुतेक वेळा लघवीसाठी. रक्तदाबासाठी दिलेली पाण्याची गोळी संध्याकाळच्या चहासोबत दिली जात होती. या गोळीने लघवी वाढते, त्यामुळे ती सहसा सकाळी देतात. गोळीची वेळ आपल्या मनाने बदलायची नाही. मुलाने पानं डॉक्टरांना दाखवली आणि त्यांनीच ती सकाळवर आणली. रात्रीची अस्वस्थता बद्धकोष्ठतेने, दुखण्याने, ओल्या डायपरनेही येते. आणि माणूस एक-दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळला, तर लघवीचा जंतुसंसर्ग आहे का ते तपासून घ्यायला हवं.

घरच्यांशी बोलायचं कसं, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. “मला झोप पाहिजे” म्हटलं की “पगार कशाचा देतो?” ऐकावं लागेल, अशी ताईंची धास्ती. आम्ही वाक्य असं बसवून घेतलं: “दादा, अपुऱ्या झोपेत मी बाबांना उठवते. माझा तोल गेला तर आम्ही दोघंही पडू.” ते खरंही होतं. ब्युरोच्या मॅडमना बसवून कागदावर तीन गोष्टी लिहून घेतल्या: रात्री 11 ते पहाटे 4 मुलगा बघेल, दुपारी दोन तास दार लावून आराम, आणि घरच्यांची धुणीभांडी ताईंकडे नाहीत. तोंडी ठरलेलं पाहुणे आले की मोडतं, म्हणून कागदाचा आग्रह.

पाठीचं दुखणंही रागात भर घालत होतं. बाबांना त्या काखेत हात घालून उचलायच्या. वारं गेलेल्या बाजूचा खांदा अशाने निखळू शकतो, आणि उचलणाऱ्याच्या कमरेवर भार येतो तो वेगळा. पेशंट हलवताना एकट्याने साधारण 16 किलोपेक्षा जास्त भार पेलू नये असं मानतात. बाबा 60 किलोचे. म्हणून खुर्ची नेहमी चांगल्या अंगाला, इथे डावीकडे, पलंगाला तिरकी लावायची, ब्रेक घट्ट. बाबांना पलंगाच्या कडेला आणायचं, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकवायचे, पुढे वाकायला सांगायचं आणि “एक, दोन, तीन” म्हणत त्यांच्याच डाव्या पायावर जोर देऊ द्यायचा. आपला आधार बाबांच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला, दंडाला नाही. पलंगात वर सरकवायला खांद्यापासून मांडीपर्यंत दुमडलेली चादर खाली घालून दोघांनी ओढायची. दुसरं माणूस येईपर्यंत थांबायचं.

ओरबाडण्यालाही कारण होतं. झोपेतल्या माणसाचं पांघरूण अचानक ओढलं आणि गार हात लागला, तर तो हल्ला समजतो. दिवा लावून, समोरून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन सांगायचं: “बाबा, ओलं झालंय, कोरडं करते.” तरीही हात उगारला तर तो धरायचा नाही, आपण मागे व्हायचं. पलंगाचा कठडा लावून दोन मिनिटं दाराबाहेर थांबायचं, चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. डायपर पाच मिनिटं उशिरा बदलला तर काही बिघडत नाही.

सुट्टीच्या दिवशीही झोप येत नसेल, दोन आठवडे मन उदास असेल, जीव नकोसा वाटत असेल किंवा पेशंटला मारावंसं वाटत असेल, तर नुसतं वेळापत्रक पुरत नाही. टेली-मानस 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक 24 तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मारावंसं वाटत असेल तर त्याच वेळी घरच्यांना बोलावून पेशंटची जबाबदारी त्यांच्याकडे द्यायची, सकाळची वाट बघायची नाही.

ताईंची रात्रीची झोप आता बरीच सुधारली आहे. हक्काची साप्ताहिक सुट्टी मात्र अजून मिळत नाही. महिन्यातून दोनच दिवस पदरात पडलेत, तेही बदली बाई आली तर. त्या बाईसाठी खुर्ची कोणत्या बाजूला लावायची आणि रात्री बाबांना कसं उठवायचं हे ताईंनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून पलंगाजवळ चिकटवलं आहे.