जादा वेळ म्हणजे फुकटचे मार्क?

"परीक्षेत जादा वेळ घेतला तर इतर मुलांवर अन्याय नाही का होत?" अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाण्याचं) निदान झालेल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न जरा आवाज खाली आणूनच विचारतात. आपलं मूल दुसऱ्याच्या ताटातलं उचलतंय असं त्यांना वाटत असतं. गेल्या वर्षी माझ्याकडे तपासणीसाठी आलेल्या एका मुलीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न तिचा स्वतःचाच होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी नववीतली. वर्गात हात वर असणारी, वादविवादात कुणाला न ऐकणारी. चाचण्यांमध्ये आकलन, शब्दसंपत्ती आणि तर्क वयाच्या मानाने चांगलेच वर होते, पण माहिती हाताळण्याचा वेग खूपच खाली. वेश्लरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमत्ता चाचणीत हा वेग मोजायला एक साधं काम असतं. वरच्या ओळीत प्रत्येक आकड्याखाली एक खूण दिलेली असते, खाली नुसते आकडे. 120 सेकंदांत त्या आकड्यांच्या खुणा भरत जायचं. ही प्रत्येक खुणेसाठी वर बघायची, खाली यायची, पेन टेकवायची आणि खात्री करायला पुन्हा वर बघायची. चूक एकही नाही, पण वेळ संपला तेव्हा कागद बराचसा कोराच होता.

शाळेने जादा वेळ मंजूर केला होता, हीच अडून बसली. "मॅडम, मैत्रिणी म्हणतात, अर्धा तास जास्त मिळाला तर आमचे पण मार्क वाढतील!"

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. 2005 मध्ये स्टीफन सिरेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षेतल्या सवलतींवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. जादा वेळ दिला की साधारणपणे सगळ्यांचेच गुण वाढतात, पण अडचण असलेल्या मुलांचे तुलनेने अधिक वाढतात, असं त्यात दिसलं. मी तिला हे जसंच्या तसं सांगितलं. पेपर सगळ्या वर्गालाच पुरा होत नसेल, तर तो लांबलचक काढलेला आहे. ती तक्रार पेपर काढणाऱ्याकडे न्यायची, हिच्याकडे नाही. आणि खरा प्रश्न वेगळाच आहे: या पेपरात आपण मोजतोय काय? टायपिंगची परीक्षा असेल तर वेगच मोजायचा असतो, तिथे जादा वेळाची गोष्ट निराळी. इतिहासाच्या पेपरात तिला इतिहास किती कळला हे बघायचंय ना?

तिचे जुने पेपर मागवले. पहिल्या प्रश्नांना जवळजवळ पैकीच्या पैकी, मग अक्षर बिघडत गेलेलं, शेवटचा प्रश्न सोडलेला. तोच प्रश्न मी तोंडी विचारला, तर कारणं, परिणाम, सगळं घडाघडा सांगितलं.

चष्म्याचं उदाहरण या बाबतीत सगळे देतात. मी देत नाही. चष्मा डोळ्यावर चढवला की दिसतं, जादा वेळ मात्र वापरायला शिकावा लागतो. म्हणून एक प्रयोग केला. सराव परीक्षेत नेहमीचा वेळ संपेपर्यंत निळं पेन, पुढच्या मिनिटांना हिरवं. पहिल्या खेपेला हिरव्या शाईत काय होतं? पहिलं उत्तर पुन्हा सुवाच्य अक्षरात! ही मुलं आयुष्यभर "नीट लिही" ऐकत आलेली असतात, वेळ मिळाला की आधी अक्षर सुधारतात. मग आम्ही क्रम ठरवला: आधी सुटलेला प्रश्न, नंतर प्रत्येक प्रश्न परत वाचून त्यातल्या 'नाही', 'वगळून', 'चुकीचे' यांच्याखाली रेघ, आणि अक्षराला हातही लावायचा नाही. पुढच्या पेपरांत हिरव्या शाईत अख्खं शेवटचं उत्तर आलं. एका ठिकाणी 'कोणते विधान चुकीचे आहे' हे तिने आधी 'बरोबर' असं वाचलं होतं, तेही हिरव्याने दुरुस्त झालं. वडील तो पेपर बराच वेळ उलटसुलट बघत होते. जे हिरवं होतं ते तिला येतच होतं, हे त्यांना मला वेगळं सांगावं लागलं नाही.

तिला मी पर्सीचीही गोष्ट सांगितली. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. हुशार, गणितात चांगला, पण वाचता येईना. स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल व्हायची. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं, शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. यावर तिचा पहिला प्रश्न: "मग त्याची तोंडी परीक्षा घेतली का?"

वडिलांची शेवटची शंका नेहमीचीच होती. "शाळा वेळ देईल हो, पुढे नोकरीत कोण देणार?" नोकरीतही घाई असते, खोटं कशाला सांगू? पण तिथे काम लवकर सुरू करता येतं, टिपणं उघडून बघता येतात, लिहिण्याऐवजी बोलून सांगता येतं, आणि मुळात काम निवडताना आपला वेग ध्यानात घेता येतो. ठरलेल्या घंटेला, काहीही न बघता, हाताने सगळं लिहून काढायची वेळ परीक्षेबाहेर फारशी येत नाही.

जादा वेळाच्या अर्जावर सही तिने केली, पण स्वतःची एक मागणी जोडून. बाकीची मुलं पेपर देऊन उठू लागली की तिचं लक्ष उडतं, म्हणून तिला बसायला वेगळी खोली हवी होती. ही अडचण आमच्यापैकी कुणीच विचारली नव्हती. मी ती शिफारसपत्रात घातली. वार्षिक परीक्षेच्या आधी एकदा त्याच खोलीत बसून सराव करू द्यावा, असंही शाळेला कळवलं.