बाटलीवर मोजा, म्हणजे मोजणं बंद

"मावशी, माझी मुलगी सात आठवड्यांची आहे. जन्मानंतर तिचं वजन जास्त उतरलं म्हणून तिसऱ्या दिवशी वरचं दूध सुरू केलं, ते आजही सुरूच आहे. आधी अंगावर पाजते, मग बाटली. पंप आणलाय, पण अर्धा तास बसून दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम 30 मिली निघतं. सासूबाई बाटलीकडे बघतात, बोलत काहीच नाहीत, पण मला कळतं. पंपाने दूध खरंच वाढतं का, की मी उगाच जीव काढतेय? वरचं दूध एकदम बंदच करून टाकू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नको. एकदम तर नाहीच. आणि पावडर कमी घालून पाणी वाढवायचं असा विचार डोक्यात आला असेल तर तोही काढून टाक, बाळाच्या जिवाशी खेळ होतो तो. तिचं पोट भरलेलं राहिलं तरच तुला निवांतपणे दूध वाढवता येईल.

आता ते 30 मिली. पंप केव्हा करतेस ते तू लिहिलं नाहीस. पाजून झाल्यावर लगेच करत असशील, तर बाळ पिऊन उरलेलं दूध आहे ते, आणि उरलेलं म्हणून 30 मिली मुळीच वाईट नाही. नीट लागलेलं बाळ पंपापेक्षा जास्त दूध ओढतं. त्यामुळे पंपात किती आलं यावरून अंगात किती आहे ते ठरत नाही.

पंपाने दूध वाढतं का? बहुतेकींचं वाढतं, पण त्याचं कारण समजून घे. स्तन जितका रिकामा होतो तितक्या वेगाने पुन्हा भरतो, आणि भरलेला राहिला की दूध तयार होणं मंदावतं. बाळ बाटली पिऊन तीन तास झोपलं की शरीराला वाटतं, मागणी संपली. म्हणून माझा नियम एकच: बाळाला बाटली मिळाली की छातीला पंप लागलाच पाहिजे. अंगावर पाजणं आणि पंप मिळून 24 तासांत निदान 8 वेळा, जमलं तर 10. त्यातली एक वेळ मध्यरात्र ते पहाटेच्या मधली असू दे, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन तेव्हा जास्त असतं. झोपमोड होते, मान्य. मग दुपारी तिच्याबरोबर आडवी हो, कामं राहिली तर राहू देत.

आधी दोन्ही बाजूंना पाज. मग बाटली नवऱ्याच्या हातात दे आणि तो पाजत असताना तू 10-15 मिनिटं पंप कर. अर्धा तास बसायची गरज नाही. दोन्ही बाजूंना एकदम लागणारा पंप असेल तर वेळ निम्मा लागतो आणि दूधही थोडं जास्त येतं. प्रत्येक वेळी जमणार नाही, दिवसातून चार-पाचदा जमलं तरी सुरुवातीला पुष्कळ. दिवसातून एकदा तासभर मोकळी मिळालीस तर 20 मिनिटं पंप, 10 थांब, 10 पंप, 10 थांब, 10 पंप असं आठवडाभर करून बघ. बाळाची वाढ झपाट्याने होते तेव्हा ते सारखं सारखं छातीला लागतं ना, त्याचीच ही नक्कल.

पंपाकडेही एकदा नीट बघ. सोबत येणारा, छातीला लावायचा फनेल बहुधा 24 मिमीचा असतो आणि अनेकींना तो मोठा पडतो. स्तनाग्र नळीत मधोमध मोकळं हलायला हवं. कडेला घासत असेल किंवा भोवतालचा काळा भाग बराचसा आत ओढला जात असेल तर माप चुकलंय. आतली छोटी रबरी झडप सैल झाली की ओढ कमी होते, ती बदलता येते. ओढ वाढवायची ती सोसेल इतकीच. दुखायला लागलं की पान्हा आखडतो, मग बटण कितीही वाढव. पंप सुरू असताना हाताने स्तन हलका दाबत राहा, शेवटी मिनिटभर हातानेच पिळून काढ.

आणि बाळाचा एक मोजा घेऊन बाटलीवर चढव. हसू नकोस. आकड्यावर डोळे लावून बसलेल्या बाईला पान्हा लवकर फुटत नाही. मोजा चढवला की मोजणं बंद! मोजायचंच असेल तर दिवसात किती वेळा काढलं ते मोज.

निघालेलं दूध पुढच्या वेळी आधी पाज, पावडरचं त्यानंतर, वेगळं. दोन्ही एकत्र केलंस आणि तिने अर्धं टाकलं तर तुझी मेहनत मोरीत जाते. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते 4 तास टिकतं, फ्रिजमध्ये 4 दिवस, पण दारात ठेवू नकोस, आत ठेव. बाटलीचं निपल हळू धार देणारं घे, बाळाला जरा उठतं धर आणि मध्ये थांबत पाज. बाटली घटाघट यायला लागली की बाळाला छातीशी खटपट करायचा कंटाळा येतो.

फरक दिसायला चार-पाच दिवस लागतात, कधी दोन आठवडे. त्यानंतर एका बाटलीतलं 20-30 मिली कमी कर आणि काही दिवस बघ. दिवसात सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओले होतायत, वजन रोज सरासरी 20 ते 30 ग्रॅम वाढतंय, तर पुढची कपात. वजन अडलं तर एक पाऊल मागे.

हे सगळं करतानाच स्तनपान सल्लागाराला बाळ छातीशी लागलेलं दाखव. पाजताना दुखतं का, चटचट आवाज येतो का, स्तनाग्र चपटं होऊन बाहेर येतं का? पकडच चुकत असेल तर पंप किती पुरा पडणार? डॉक्टरांकडून थायरॉइड तपासून घे. बाळंतपणात रक्तस्राव जास्त झाला होता का, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा विकार) आहे का, स्तनावर शस्त्रक्रिया झाली होती का, तेही सांग. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी दूध घटतं. दूध वाढवायची गोळी मनाने घेऊ नकोस, त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या डॉम्पेरिडोनचा काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. स्तन लाल, गरम होऊन ताप आला तर जोर लावून जास्त पंप करू नकोस, डॉक्टरांना गाठ.

सासूबाईंचं म्हणशील, तर त्या बोलत नाहीत आणि त्यांच्या मनातलं तूच वाचतेस. विचारून तरी बघ! कदाचित मदत कशी करावी हेच त्यांना सुचत नसेल. पंपाचे भाग दर वेळी गरम पाण्यात साबणाने धुवावे लागतात, ते काम त्यांना सांग.

हे दोन आठवडे कर. तरी निम्मंच दूध अंगावरचं राहिलं, तर तेवढं पाज आणि बाकीचं बाटलीने दे. मी तुला नापास करणार नाही, तूही करू नकोस. आज पहाटेच्या बाटलीला नवऱ्याला उठव, पंप तू लाव.