बोअर मारण्याआधी विहिरीत दोरी सोड

बोअरवाल्याला फोन करण्याआधी मे महिन्यात वाडीतल्या चार विहिरींत दोरी सोडून बघ. श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर काहीच सांगत नाही. दोरीला दगड बांध, कोरडी किती नि ओली किती ते वहीत लिही.

आपल्याकडे कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तरी मार्चपासून हंडे निघतात, कारण जांभा, म्हणजे इथला तांबडा सच्छिद्र दगड, पाणी धरून ठेवत नाही. त्याला भोकं फार. मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर किंवा काळ्या कातळावर अडतं, उताराने आडवं सरकतं आणि सड्याच्या (जांभ्याच्या उघड्या पठाराच्या) कडेला झऱ्यातून बाहेर पडतं. म्हणून सड्यावर खणण्यापेक्षा पायथ्याशी जागा शोध. (नारळ फिरवून पाण्याची जागा सांगणाऱ्याला दक्षिणा द्यायची तर दे, पण दोरी आधी.)

तुझी दुसरी जागा पुळणीला, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूला, लागून आहे, तिथला मामला वेगळा. वाळूत गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. ढोबळ हिशोब असा, की समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं असेल तर खाली सुमारे 40 मीटर गोडं. हे उलटंही चालतं. उपशाने पातळी फूटभर कायमची उतरली, की खालचं खारं हळूहळू 40 फूट वर येऊ बघतं. मी हावरटपणे 5 एचपीचा पंप लावला होता. दुसऱ्याच उन्हाळ्यात डाळ शिजेना आणि चहा मचूळ लागायला लागला. तिथे खोल जाऊच नकोस. उथळ, रुंद विहीर खण, छोटा पंप लाव आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडंच उपस.