वाचकांचे प्रश्न : कानाच्या मापाचे इन-इअर

प्रश्न : मी भावगीतांचे कार्यक्रम करते. कानाचा ठसा देऊन कस्टम इन-इअर, म्हणजे स्टेजवर ऐकायचे कानाच्या मापाचे इअरफोन, करून घेतले. नुसतं ऐकत बसले की आवाज भरदार लागतो. गायला लागले की डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज नाहीसा होतो, उरते ती नुसती जवारी, तारांची झणझण. पीस खराब निघाला का?
— एक गायिका, मिरज

उत्तर : पीस खराब असता तर तुम्ही गप्प बसल्यावरही खर्ज ऐकू आला नसता. तुमचं तोंड उघडलं की सील, म्हणजे इन-इअरने कान घट्ट बंद केलेला असतो तो, सुटतंय. कानाच्या नळीची पुढची भिंत जबड्याच्या सांध्याला लागून असते. तोंड उघडताना सांध्याचं हाड पुढे सरकतं आणि बहुतेकांची नळी तिथे जरा रुंद होते. करंगळीचं टोक कानाच्या तोंडाशी ठेवून ‘आ’ करा, भिंत हललेली बोटाला कळेल. ठसा तोंड मिटून घेतला असेल, तर शेल (इन-इअरचं कडक कवच) मिटलेल्या तोंडाच्या मापाचं झालं आणि तुम्ही गाता ते उघड्या तोंडाने.

फट केसाएवढी असली तरी आधी जातो तो खर्जच. खालच्या स्वरांना कानात हवा कोंडलेली लागते. फटीतून ती हळूहळू आतबाहेर झाली की दाबच तयार होत नाही. वरच्या स्वरांची कंपनं इतकी जलद असतात की तेवढ्यात हवा निसटत नाही. काळी पाच या बायकांच्या पट्टीच्या तंबोऱ्यात खर्जाची तार साधारण ११७ हर्ट्झला वाजते, काळी एक या पुरुषांच्या पट्टीला ६९च्या आसपास. म्हणून पुरुष गायकांना ही उणीव आणखी लवकर जाणवते.

खात्री करून घ्या. मोबाइलवरच्या टोन जनरेटर ॲपमध्ये ५० हर्ट्झचा स्वर हळू आवाजात लावा आणि तोंड सावकाश उघडा. स्वर पातळ झाला आणि शेल बोटाने हलकेच दाबल्यावर परत भरला, तर फट नक्की. कुठल्या बाजूला ते एकेक कान दाबून कळतं. मग ५०० हर्ट्झ लावा. फट असली तरी हा स्वर फारसा बदलत नाही. तोंड मिटलेलं असतानाही एका कानात दोन्ही स्वर दबलेले येत असतील, तर आधी त्या बाजूच्या इन-इअरच्या आवाजाच्या नळीत मळ अडकलाय का ते पाहा.

उपाय एकच : तोंड उघडं ठेवून नवा ठसा आणि त्यावरून रीफिट, म्हणजे नव्या मापाचं शेल. पुष्कळ उत्पादक पहिल्या महिनाभरात रीफिटचे पैसे घेत नाहीत, म्हणून वॉरंटीचा कागद आजच काढून पाहा. शेलवर घरी नेलपॉलिश किंवा गोंदाचे थर देऊ नका. त्याने कातडी चिडते, आणि थेंब आवाजाच्या नळीत उतरला तर ड्रायव्हरच (आतला चिमुकला स्पीकर) बदलावा लागतो.

प्रश्न : सांगलीत श्रवणयंत्रं बसवणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे दिलेला ठसा इन-इअरला चालेल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : चालेल, पण काय हवंय ते आधी स्पष्ट सांगा. श्रवणयंत्रासाठी घेतलेला ठसा पुष्कळदा आखूड असतो. इन-इअरला नळीचं दुसरं वळण ओलांडून गेलेला आणि बाहेरच्या कानाची पूर्ण वाटी भरलेला ठसा लागतो.

आधी दुर्बिणीने कान पाहिला पाहिजे. मळ असेल तर तो कान-नाक-घसा डॉक्टरांकडून काढून घ्या आणि एक-दोन दिवसांनी ठसा द्या. पडद्याला भोक, कान वाहणं किंवा जुनं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय ठसा देऊच नका. मग दोरा बांधलेला फोमचा बोळा दुसऱ्या वळणापलीकडे बसवतात, म्हणजे सिलिकॉन पडद्यापर्यंत जात नाही. त्या वेळी खोकला आला तर घाबरू नका. तिथल्या नसेला स्पर्श झाला की काहींना तो येतोच. दातांमध्ये सुमारे अडीच सेंटिमीटरचा ठोकळा धरायचा आणि पाचेक मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. सिलिकॉन सोडताना सिरिंजचं टोक त्यातच बुडालेलं राहिलं पाहिजे. ते वर आलं की आत हवेचे खड्डे राहतात.

ठसा निघाला की हातात घेऊन बघा. दोन्ही वळणं दिसावीत, टोकाला फोमची चपटी खूण असावी, कडेला सुरकुती किंवा खड्डा नसावा. खड्डा दिसला तर तिथेच बसून दुसरा घ्यायला लावा. कुरिअरला देताना छोट्या कडक डबीत सैल ठेवा. कापूस कोंबला की टोक वाकतं.

प्रश्न : इन-इअर घातल्यावर स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा का येतो?
— तासगाव

उत्तर : बोलताना नळीचा बाहेरचा, कूर्चेचा भाग थरथरतो. एरवी ती थरथर उघड्या कानातून बाहेर जाते. इन-इअरने कानाचं तोंड बंद झालं की आतच घुमते. टोक हाडाच्या भागापर्यंत पोचलं तर घुमणं बरंच कमी होतं, पण ते शेल घालायला त्रासाचं असतं. बहुतेकांना आठवडाभरात सवय होते. मिक्समध्ये, म्हणजे इन-इअरमध्ये येणाऱ्या एकत्र आवाजात, स्वतःचा आवाज थोडा वाढवणं हाही चांगला उपाय आहे.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्रात मी एका कानातलं काढून गातो, म्हणजे पब्लिकही ऐकू येतं. यात धोका आहे का?
— एक गायक, सातारा

उत्तर : आहे, आणि दोन्ही कानांना आहे. दोन कानांनी ऐकलेला आवाज मेंदूला एका कानापेक्षा मोठा वाटतो. एक काढला की उरलेल्यात तेवढंच ऐकू यावं म्हणून व्हॉल्यूम चढतो, आणि मोकळा कान ड्रम आणि मॉनिटरच्या (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरच्या) तोंडी राहतो. चांगलं बसलेलं शेल बाहेरचा आवाज साधारण २५ डेसिबलने अडवतं; ते संरक्षण तुम्ही खिशात ठेवताय. कामाच्या जागी आवाजाची प्रचलित मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ला ४ तास, ९१ला २. १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो, म्हणजे तीन गाणी. पब्लिक हवं असेल तर स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून एक माइक ठेवा आणि तो फक्त तुमच्या इन-इअर मिक्समध्ये हळूच सोडा. साउंडवाल्याला सांगा, हा चॅनल मुख्य स्पीकरला जाता कामा नये, नाहीतर शिट्टी वाजेल.

प्रश्न : तेच इन-इअर मोबाइलवर छान आणि जुन्या ॲम्प्लिफायरला लावले की पातळ का वाजतात?
— विटा

उत्तर : इन-इअरमधल्या बॅलन्स्ड आर्मेचर जातीच्या ड्रायव्हरचा विद्युत रोध स्वरागणिक बदलतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध जास्त असला की स्वरांचा तोल बिघडतो. इन-इअर १६ ओहमचे असतील तर ॲम्प्लिफायरचा रोध २ ओहमच्या आत हवा.

प्रश्न : महाबळेश्वरच्या पावसात कसे सांभाळावेत?
— एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : कार्यक्रम संपला की आधी कोरड्या कापडाने घाम पुसा. इन-इअरच्या आवाजाच्या नळीतला मळ सोबतच्या बारीक तारेने काढा, भोक जमिनीकडे धरून. वर धरलं तर मळ आत पडतो. नळीत पाणी किंवा स्पिरिट नको. हवाबंद डबीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. रंग बदलणारे मणी घेतले तर कधी बदलायचे ते कळतं. हेअर ड्रायर वापरू नका, आतल्या नळ्यांची चिकटण सुटते. केबलच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर पिना कोरड्या ब्रशने साफ करा आणि केबल वारंवार काढू-घालू नका, सॉकेट सैल होतं.